फरशी निवडताना आधी पाय बघा



गेल्या महिन्यात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. एक इंदूरचे, एक बडोद्याच्या, एक बेळगावचे. तिघेही साठीच्या पुढचे आणि जुनी फरशी काढून नवी घालण्याच्या विचारात. प्रश्न असा, की कोणती फरशी चांगली?

मी आर्किटेक्ट नाही. पण फौजेत तीस वर्षं काढली, की देशभरच्या फरशांवर अनवाणी चालून होतं. डोंगरातल्या छावणीत देवदाराच्या फळ्यांवर राहिलो, राजस्थानात कोट्याच्या दगडावर, दक्षिणेत लाल काव घातलेल्या कोब्यावर. निवृत्तीनंतर सोसायटीतली दुरुस्तीची कामं माझ्याकडे आली. तेव्हापासून गवंड्यांच्या शेजारी उभं राहून बघतोय, विचारतोय.

माझं उत्तर एका वाक्यात सांगतो. घरात सर्वांत थकलेला पाय ज्याचा, त्याच्यासाठी फरशी निवडा.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या आई, वय ८१. मुलानं हौसेनं बाथरूम नवं केलं. आरशासारख्या टाइल्स, पांढऱ्याशुभ्र. तिसऱ्या आठवड्यात आई घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात हाड जोडणं हा प्रश्नाचा अर्धाच भाग. अंथरुणावर काढलेल्या दिवसांत पायातली ताकद जाते, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण घरातून एकट्या बाहेर पडणं तेव्हापासून बंद झालं. म्हणून मी चकाकीबद्दल इतका कडक बोलतो.

आता दुकानात काय बघायचं? टाइल भिंतीला टेकवून, दिव्याखाली ठेवलेली असते. तिथे रंग कळतो, पकड कळत नाही. नमुन्याची एक टाइल घरी आणा. जमिनीवर ठेवा, साबणाचं पाणी ओता आणि कोणाचा तरी हात धरून त्यावर अनवाणी पाय घासून बघा. पाय सरकला तर ती टाइल बाथरूमसाठी बाद. अनेक कंपन्या माहितीपत्रकात 'आर' अक्षर आणि पुढे ९ ते १३ असा आकडा देतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. आर-९ म्हणजे सर्वांत कमी. बाथरूम आणि धुण्याच्या जागेला आर-१०च्या खाली जाऊ नका. आर-११ मिळाली तर उत्तम, मात्र ती थोडी घासून धुवावी लागते. तेवढे कष्ट परवडतात.

आणखी एक गोष्ट. पायरी आणि खालची जमीन एकाच रंगाची ठेवू नका. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला कड दिसतच नाही. उंबरठ्याला, पायरीच्या कडेला गडद पट्टी हवी.

दगड घ्यायचा असेल तर आपल्या देशात चैन आहे. शहाबादी कर्नाटकातली, तंदूर तेलंगणातली, कडप्पा आंध्रातली, कोटा राजस्थानातला. ही चारही नावं गावांची किंवा जिल्ह्यांची आहेत आणि चारही दगड चुनखडीचे. संगमरवरही त्याच कुळातला. या कुळाचा एकच शत्रू, तो म्हणजे आंबट. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की तिथली झिलई जाते आणि पांढुरका डाग राहतो. तो डाग पुसून जात नाही, घासून पुन्हा पॉलिश करावा लागतो. स्वयंपाकघरात ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड टाइल बरी, कारण ती पाणी जवळजवळ पीतच नाही. पण कोट्याचा आणि मोझॅकचा मोठा गुण असा, की वीसपंचवीस वर्षांनी मशीन लावून घासलं की जमीन पुन्हा नव्यासारखी होते. तुमच्या घरी जुनं मोझॅक असेल, तर फोडण्याआधी एका कोपऱ्यात पॉलिश करून बघा. फोडलेलं परत मिळत नाही.

लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट थंड प्रदेशात पायाला उबदार लागतं. कोकणात किंवा केरळात मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. पाणी सांध्यात शिरलं की पट्ट्या फुगतात.

आता कामाकडे वळू. टाइल कितीही महाग घ्या, तिचं आयुष्य खालच्या थरावर ठरतं आणि तो थर एकदा झाकला की कोणाला दिसत नाही. फौजेत आम्ही म्हणायचो, हुकूम दिला म्हणजे काम झालं असं नसतं, जाऊन बघावं लागतं. इथेही तेच. चार तपासण्या सांगतो, लिहून घ्या.

पहिली, बाथरूममध्ये टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बंद करून पाणी भरा आणि किमान २४ तास तसंच ठेवा. खालच्या घराच्या छताला ओल आली नाही, तरच पुढे जा.

दुसरी, चारपाच टाइल्स बसल्या, की माल ओला असतानाच मिस्त्रीला एक उचलायला सांगा. पाठीला सगळीकडे माल चिकटलेला हवा. चार कोपऱ्यांत गोळे आणि मधे रिकामं असेल, तर तिथेच काम थांबवा. व्हिट्रिफाइड टाइलला साधं सिमेंट नीट धरत नाही, तिला अॅडहेसिव्ह लागतं.

तिसरी, दोन टाइल्समध्ये स्पेसर घालून २ ते ३ मिलिमीटर फट ठेवायला लावा. भिंतीलगत याहून थोडी जास्त फट हवी, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. बरेच मिस्त्री म्हणतात, "साहेब, जोड दिसणारच नाही असं बसवतो." नको म्हणा. उन्हाळ्या-हिवाळ्यात जमीन फुगते, आकसते. फुगायला जागा नसली, की एके रात्री धाडकन आवाज होतो आणि हॉलच्या मधोमध टाइल्सची तंबूसारखी रांग उभी राहते.

चौथी, पैसे चुकते करण्याआधी बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांनी बघा. डबकं राहिलं असेल तर ढाळ चुकला. दर मीटरला साधारण एक ते दीड सेंटीमीटर उतार जाळीकडे हवा.

टाइल्स घेताना मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते बघा. उरलेल्या टाइल्स माळ्यावर जपून ठेवा. पाच वर्षांनी तो रंग बाजारात मिळत नाही.

कामगार टाइल कापतात तेव्हा पाणी सोडून कापायला सांगा आणि मास्क द्या. ग्रॅनाइट आणि टाइलची कोरडी धूळ फुप्फुसात बसते ती कायमची. आपल्या घराच्या शोभेसाठी त्याचा श्वास जायला नको.

दुरुस्तीचं थोडक्यात सांगतो. नाण्यानं टकटक करा. भरीव आवाज ठीक, पोकळ आवाज आला तर खडूनं खूण करा. एखादी टाइल पोकळ असेल आणि हलत नसेल, तर घाबरू नका. वाटेतली असेल तर बदला. आधी चारही बाजूंचं ग्राउट कापून घ्यायचं, मग छिन्नी मधोमध लावून कडेकडे यायचं. कडेनं सुरुवात केली की शेजारची टाइल टवका देते.

पावसाच्या तोंडावर फरशी ओली होते तेव्हा खालून पाणी येतंय की हवेतला दमटपणा बसतोय, हे कसं ओळखायचं? हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि रात्रभर ठेवा. पाणी प्लास्टिकच्या वर असेल तर ते हवेतलं, पंखा लावा. खाली असेल तर ओल जमिनीतून येतेय, तेव्हा जाणकार माणूस बोलवा.

रोजच्या पुसण्याला कोमट पाणी आणि थोडासा सौम्य साबण पुरे. साबण जास्त झाला की त्याचा थर बसतो आणि चांगली टाइलही निसरडी होते. अभ्यंगाच्या दिवशी तेल सांडलं तर लगेच पुसा. अॅसिडनं फरशी उजळते असं वाटतं, पण ते जोडांमधलं सिमेंट खातं. आणि अॅसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

आज एक काम करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, "कुठे पाऊल टाकताना भीती वाटते?" बहुधा ते पटकन जागा दाखवतील. तिथे आधी हात धरायला दांडी लावा, मग फरशीचा विचार करा. सगळं घर फोडायची गरज बरेचदा नसतेच.

पुढच्या भागात गच्चीच्या गळतीबद्दल बोलू. जय हिंद.