खाडीतील तिसऱ्या आणि जालन्याचे पाणी



जालना जिल्ह्याला समुद्र नाही. मग कोकणातील तिसऱ्यांची चिंता जालनेकरांनी का वाहावी? 2012 च्या दुष्काळात ज्यांच्या डोळ्यांदेखत मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यांना हे दुःख परके नाही.

मानवाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वायू समुद्र शोषून घेतो. त्यामुळे पाण्याची आम्लता वाढते व शिंपल्याच्या कवचास लागणारे द्रव्य घटते. अतिवृष्टीने खाडीचे पाणी एकाएकी गोडे झाले, तर तिसऱ्या मरतात. ओहोटीला चिखलात उतरून त्या वेचणाऱ्या भगिनींच्या संसाराला त्याची झळ बसते.

हवामान एका गावाच्या हाती नाही. संयम मात्र आहे. केरळातील अष्टमुडी सरोवरात शिंपल्यांचे उत्पादन घटल्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात वेचणी बंद करण्यात आली. लहान शिंपले उचलू नयेत, असा नियम ठरला. 2014 मध्ये या मासेमारीस शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लाभले. इकडे जालना तालुक्यातील कडवंचीने पाणलोटाची कामे व शेततळी यांच्या बळावर 2012 मध्येही द्राक्षबागा राखल्या.

खाडी असो वा शिवार, सामाईक धन सर्वांनी मर्यादा पाळली तरच पुढील पिढीच्या हाती पडते.