शेवटच्या पानावरची बारीक ओळ

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आलेल्या संपादक, प्रकाशक, वार्ताहर बंधू-भगिनींनो,

छत्रपती संभाजीनगरात आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने मांडवाचा खर्च बघावा आणि थोडक्यात आवरावं, असा संकेत आहे. खर्च बघून झाला, आता आवरतो.

अंकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात मुद्रक-प्रकाशकाचं नाव असतं. वाचक ते वाचत नाही. कोर्टाचं समन्स मात्र बरोबर त्याच नावावर येतं. आज अशाच एका नावाची आठवण काढतो. आनंद कृष्ण वाघमारे यांनी 1938 मध्ये ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केलं, तेव्हा इथे निजामाचं राज्य होतं. अंक छापायचा संस्थानाच्या हद्दीबाहेर आणि पोचवायचा हद्दीत! बंदी आली की नवं नाव घ्यायचं, पुन्हा काढायचा. पत्राचं नाव म्हणजे मालकाची सगळी पुंजी. वाघमाऱ्यांनी ती वेळोवेळी सोडली, वाचक सोडला नाही.

पुढे संपादक अनंत भालेरावांनी याच शहरातून ‘मराठवाडा’ दैनिक म्हणून गाजवलं. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याला मात्र त्यांनी विरोध केला, आणि ती भूमिका मला कधीच पटली नाही. 1978 च्या नामांतरविरोधी दंगलीत ज्या दलितांची घरं जळाली, ते तेव्हा त्या पत्राकडे कोणत्या नजरेने बघत असतील? गौरवाच्या भाषणात हे गाळण्याची पद्धत आहे. मी गाळत नाही.

1982 मध्ये जवाहरलाल दर्डांचा ‘लोकमत’ इथे आला आणि स्पर्धा वाढली. ‘मराठवाडा’ आज निघत नाही.

मग आज आपलं काम काय, ते या शहराच्या नळाला विचारा. पैठणचा नाथसागर जलाशय तुडुंब भरला तरी इथे पाणी कित्येक दिवसांच्या खंडाने येतं. कोणत्या वसाहतीचा नंबर कधी, कुठली जलवाहिनी फुटली, ठेकेदाराचं बिल कोणी मंजूर केलं, हे दिल्लीचं कोणतं चॅनेल सांगणार? ते सांगतो आपला वार्ताहर, आणि बहुधा त्याच ठेकेदाराची वाढदिवसाची जाहिरातही त्यालाच आणावी लागते.

म्हणून चहानंतरचं पहिलं सत्र उद्‌घाटनाच्या कौतुकाचं नाही, जाहिरात आणि वार्ताहराच्या मानधनाचं ठेवलं आहे. प्रकाशकांनी पुढच्या रांगेत बसावं. जेवण दीड वाजता.