एका गुणाची जगज्जेती
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला एका कर्तबगार स्त्रीविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादी समाजसेविका किंवा लेखिका असावी. मी निवडली आहे ती मोटारसायकलच्या शर्यतीत धावणारी एक स्पॅनिश मुलगी. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींच्या कपाळावरच्या आठ्या मला इथून दिसत आहेत! पण थोडे ऐकून तर घ्या.

तिचे नाव आना कारास्को. जन्म १९९७ चा, आग्नेय स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतातला. वडील शर्यतीच्या गाड्यांचे मेकॅनिक. थोरल्या मुलीसाठी घरात एक चिमुकली मोटारसायकल आली. थोरलीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही; तीन वर्षांची धाकटी मात्र तीवर बसली ती उतरेचना. थोरलीच्या वस्तू धाकटीकडे यायच्या, हे आपल्या घरीही चालतेच. आपल्याकडे झबली आणि परकर येतात, हिच्याकडे गाडी आली एवढेच.

२०१३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती मोटो-थ्री ह्या जागतिक स्पर्धेत उतरली. ह्या स्पर्धेत मुलींची रांग वेगळी नसते. सगळे एकाच रेषेवरून सुटतात आणि गुण फक्त पहिल्या पंधरा जणांना. मलेशियात ती पंधरावी आली आणि एक गुण घेऊन परतली. त्या गटात गुण मिळवणारी ती पहिलीच स्त्री. मग वर्षअखेर व्हॅलेन्सियाला आठवी. लोकांनी कौतुक केले, पण पुढची दोन-तीन वर्षे कोरडीच गेली. तिने कायद्याचा अभ्यासही चालू ठेवला होता. मला हे फार शहाणपणाचे वाटले.

२०१७ मध्ये ती सुपरस्पोर्ट ३०० नावाच्या गटात गेली. ह्या गाड्या त्यातल्या त्यात लहान असत. त्यामुळे कोणी एकटा सुसाट पुढे निघून जात नसे. पुढच्याच्या पाठीशी चिकटून राहिले की वाऱ्याचा आडोसा मिळतो, मागचा त्या जोरावर पुढे येतो, आणि लगेच त्याचाही आडोसा दुसरा कोणी घेतो. दहा-बारा जणांचा घोळका शेवटच्या वळणापर्यंत एकमेकांना खेटून धावत असे. तिथे नुसता वेग पुरत नसे, कोणाच्या मागे किती वेळ राहायचे हे कळावे लागे. त्याच सप्टेंबरात पोर्तुगालमधल्या पोर्तिमाव येथे ती ०.०५३ सेकंदाने जिंकली. डोळ्याची पापणी लवायला ह्याहून जास्त वेळ लागतो. एकट्याने चालवावयाच्या मोटारसायकलच्या रस्त्यावरील जागतिक शर्यतीत स्त्रीने मिळवलेला तो पहिला विजय. ‘एकट्याने’ असे मुद्दाम म्हणते, कारण फिनलंडची कीर्सी काइनुलाइनेन २०१६ मध्ये साइडकारमध्ये बसून जगज्जेती झाली होती, आणि तिचे श्रेय मला घालवायचे नाही.

आता २०१८ चे ऐका. इटलीतले इमोला आणि इंग्लंडमधले डॉनिंग्टन, ह्या दोन शर्यती तिने जिंकल्या. सप्टेंबरअखेर फ्रान्समधल्या मान्यी-कूर गावी शेवटची शर्यत होती. गुणांत ती सर्वांच्या पुढे. पण जागा ठरवण्याच्या फेरीत काही जमले नाही आणि सुरुवातीला उभे राहावे लागले ते पंचविसाव्या जागी. गुण मिळवायचे तर किमान दहा जणांना मागे टाकणे भाग. घाई करून पडावे तर वर्षाची मेहनत मातीत. ती एकेक करून पुढे सरकत गेली आणि तेरावी आली. तेराव्याला गुण मिळतात तीन. तिचा प्रतिस्पर्धी मिका पेरेस त्या दिवशी दुसरा आला; पहिला आला असता तर किताब त्याचाच होता. हिशेब झाला तेव्हा तिचे ९३, त्याचे ९२. पुरुषांबरोबर धावून, एकट्याने चालवावयाच्या मोटारसायकलच्या रस्त्यावरील शर्यतींची जगज्जेती झालेली पहिली स्त्री तेराव्या क्रमांकाने किताब घेऊन गेली! तिच्या चामडी पोशाखावर पाठीमागे लिहिलेले असे, ‘मुलीसारखी गाडी चालव’. मी स्कूटी शिकत असताना हेच शब्द मला हिणवण्यासाठी ऐकावे लागले होते.

सप्टेंबर २०२० मध्ये पोर्तुगालमध्ये सराव करताना ती पडली आणि पाठीचे दोन मणके मोडले. शस्त्रक्रिया झाली, पाठीत टायटॅनियमच्या सळया बसवल्या. माझ्यासारखीने त्या दिवशी ‘पुरे झाले आता’ म्हटले असते. तिच्या आईच्या मनात काय आले असेल, हे आपण आयांना सांगावयास नको. नऊ महिन्यांनी, जून २०२१ मध्ये, इटलीत मिसानोला ती पुन्हा जिंकली. मोटो-थ्रीत परत गेली तेव्हा मात्र यश आले नाही, हेही सांगितले पाहिजे.

२०२४ मध्ये रस्त्यावरील शर्यतींची स्त्रियांसाठी वेगळी जागतिक स्पर्धा प्रथमच सुरू झाली. सर्वजणींना एकाच प्रकारची यामाहा. ऑक्टोबरात हेरेस येथे आनाने तो पहिला किताबही घेतला. मारिया हेरेरा ह्या दुसऱ्या स्पॅनिश मुलीने तिला शेवटपर्यंत झुंजवले.

ह्यावर आमच्या घरी वाद झाला. माझी भाची म्हणाली, “मावशी, जी पुरुषांना हरवून आली तिने बायकांच्या वेगळ्या रांगेत का उभे राहावे? हे मागे जाणेच नाही का?” मला उत्तर पटकन सुचले नाही. रात्री सुचले. पंचविसाव्या जागेवरून पुढे येणारी एक आना निघते. पण रेषेपर्यंत पोचतच नाहीत अशा मुली किती तरी. चांगली गाडी नाही, पैसे देणारा नाही, घरून परवानगी नाही. त्या वीस-बावीसजणी एका रेषेवर सारख्याच गाडीवर उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यात जगज्जेतीही येऊन उभी राहिली. ती आली नसती तर त्या शर्यतीला कोणी विचारले असते, असे मला वाटत नाही. भाचीला हे अजून पटलेले नाही. ती मागे बसली आहे, चहाच्या वेळी तुम्हीच तिच्याशी बोला.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत. मी आपली रजा घेते.