नवे टायर, जुना दोष



घरात नवी सून आली आणि त्याच आठवड्यात म्हैस आटली, तर पूर्वी सुनेचा पायगुण काढीत असत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तशातला हा प्रकार. आमच्या शास्त्रकारांनी त्याला काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे. सुनांचा पायगुण काढणे आता सुदैवाने कमी झाले आहे. पण खोड गेलेली नाही. गेल्या दिवाळीत मी स्वतःच माझ्या मोटारीच्या नव्या टायरांचा पायगुण काढला. त्यातून जो धडा मिळाला, तो आज आपल्याला सांगणार आहे.

मी सुरत शहराच्या कतारगाम भागात राहतो. येथे गल्लोगल्ली हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने आहेत. दिवाळी जवळ आली की ते बंद होतात, कारागीर सौराष्ट्रातील आपापल्या गावी जातात, आणि एरवी पाऊल ठेवायला जागा नसलेले रस्ते मोकळे होतात. माझी बहीण धुळ्यास असते. भाऊबीजेला म्हातारी आई, पत्नी आणि दोन्ही मुले यांना घेऊन मोटारीने जायचे ठरले होते. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर असा हा रस्ता; पुढे विसरवाडी सोडल्यावर कोंडाईबारीचा घाट लागतो. घाट चढायचा तर चाकांखाली खोटे नको, म्हणून मी चारही टायर नवे बसवून घेतले.

दुकानातून बाहेर पडलो आणि गाडी मला परकी वाटू लागली. स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात नव्हती. सरळ रस्त्यावर ती किंचित तरंगल्यासारखी होई आणि हळूहळू डावीकडे ओढे. परत जाऊन तक्रार केली. दुकानदार म्हणाला, “साहेब, टायर नवे आहेत. पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप बसतील.”

हे उत्तर अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे उत्तर माणसाला अधिक फसवते. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते; झिजलेल्या टायरवर ती दोन-तीन मिलिमीटरच उरलेली असते. उंच रबरी ठोकळे वळताना अधिक लवतात, म्हणून स्टिअरिंग थोडे सैल, मऊ भासते. शिवाय टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश पृष्ठभागावर राहिलेला असू शकतो. तो जाईपर्यंत पकड बेताची असते. काही शे किलोमीटर बेताने गाडी हाकली की हे दोन्ही कमी होते. पण नवेपणामुळे गाडी एकाच बाजूला ओढत नाही. ओढण्याला कारण वेगळे असले पाहिजे.

मी प्रथम हवा तपासली. गाडी रात्रभर उभी होती, टायर थंड होते. कारण चाललेल्या टायरमध्ये हवा तापून दाब वाढतो आणि आकडा खोटा येतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर ३२ पौंड लिहिलेले होते. टायरांत निघाली ४४. टायरची कड रिमवर नीट बसावी म्हणून बसवताना हवा जास्त भरतात. ती नंतर उतरवायची राहून गेली होती. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, आपण भरण्याचा नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे. हवा ३२ वर आणली आणि तरंगणे बरेचसे थांबले. ओढणे मात्र तसेच राहिले.

आता, आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि पावसाचे पाणी निघून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. त्यामुळे निर्दोष गाडीही थोडी डावीकडे झुकते. म्हणून मी कारखान्यांपुढचा एक सपाट, निर्मनुष्य रस्ता गाठला. तेथेही गाडी डावीकडेच गेली.

मग टायरची परीक्षा. निमुळता पेला जमिनीवर घरंगळू दिला तर तो सरळ न जाता वळत जातो. टायरच्या आतील थर बनवताना किंचित बाजूला सरकले, तर टायरही असाच सूक्ष्मपणे निमुळता होतो आणि गाडीला एका बाजूस नेतो. हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पुढील दोन चाकांची अदलाबदल करावी. ओढ डावीकडची उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. जागच्या जागी राहिली, तर दोष गाडीचा. मात्र ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण छापलेला असतो, त्यांची अशी अदलाबदल करून गाडी नेहमी चालवू नये. मी जॅक लावून चाके बदलली, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, आणि पुन्हा तो रस्ता धरला. ओढ डावीकडेच राहिली!

स्टिअरिंग थरथरत नव्हते, हेही मी नोंदवले होते. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे हात थरथरू लागले तर चाकांचे वजन समतोल नाही असे समजावे, आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. ते दुखणे निराळे.

शेवटी चाकांचा कोन तपासणाऱ्या एका तरुण मिस्त्रीकडे गेलो. त्याने यंत्राला हातही लावला नाही. गाडी उचलली, पुढचे डावे चाक दोन्ही कडांना धरून आडवे हलवले. खट्‌ असा आवाज आला. “काका, टायरनो वांक नथी,” तो म्हणाला. स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा, ज्याला टाय रॉड एंड म्हणतात, तो झिजून ढिला झाला होता. असा सांधा खोबणीतून निसटला, तर ते चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. हे कोंडाईबारीच्या वळणावर घडले असते तर, हा विचार मी पुरता करू शकलो नाही.

येताना टायरच्या दुकानात डोकावलो. माझे जुने टायर कोपऱ्यात पडलेले होते. डाव्या चाकाच्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झालेली होती, बाहेरची शाबूत! म्हणजे सांधा कित्येक महिने ढिला होता. दोष रोज तिळातिळाने वाढला, माझे हातही तिळातिळाने त्याला सरावले. नव्या टायरांनी दोष आणला नव्हता. सवयीचा पडदा तेवढा दूर केला होता.

नवा सांधा मिळेना. सुरतेत दिवाळीनंतर बरीच दुकाने लाभपाचमेलाच उघडतात. मोटार दारात ठेवून आम्ही एस. टी.ने धुळ्यास गेलो. मुले हिरमुसली, आई मात्र घाटभर शांत झोपली. पाचमीनंतर सांधा बदलला, मग कोन जुळवून घेतला. हा क्रम उलटा केला तर खर्च वाया जातो.

आमच्या शेजारचा हिरे-कारागीर फिरत्या चकतीवर हिरा क्षणभर टेकवतो, उचलतो, भिंगातून पाहतो, मगच पुन्हा टेकवतो. गाडीची परीक्षाही अशीच करावी: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पाहावे. हवा, रस्ता, चाकांची अदलाबदल, सांधे, कोन. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. आणि जुने टायर दुकानात देऊन टाकण्यापूर्वी त्यांच्या दोन्ही कडांवरून एकदा तळहात फिरवावा. गाडीला काय होते आहे, ते त्यांना आपल्या आधी ठाऊक असते.