माणसे टिकली, तर शहर टिकेल



सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. मे 1995 मध्ये एस. आर. राव यांनी महापालिका आयुक्तपदाची सूत्रे स्वीकारली. पुढच्या दोनच वर्षांत हे शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. हे परिवर्तन प्रामुख्याने पालिकेच्याच जुन्या अधिकारी-कर्मचाऱ्यांनी घडविले!

मग आधी उणीव कशाची होती? गुणवत्तेची खचितच नव्हे, विश्वासाची होती. राव यांनी आयुक्तांचे अधिकार विभागप्रमुखांकडे सोपविले. वरिष्ठ अधिकारी रोज वस्त्यांत जाऊ लागले, निर्णय जागच्या जागी होऊ लागले. राव यांची बदली झाल्यावरही ही घडी मोडली नाही.

महाराष्ट्रात 2005 च्या बदली अधिनियमाने शासकीय अधिकाऱ्याचा पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ 3 वर्षांचा ठरविला. नगरपालिकांचे मुख्याधिकारी शासनच नेमते. मात्र अपवाद म्हणून मुदतपूर्व बदलीची वाटही त्याच अधिनियमात आहे. अपवादाचा राजमार्ग झाला, तर जलवाहिनी कोठे जीर्ण आहे, पावसाचे पाणी कोठे तुंबते, हे ज्ञान अधिकाऱ्यासोबतच गावाबाहेर जाते. नवा अधिकारी पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो.

केवळ वेतनाने कर्तबगार माणूस टिकत नाही. त्याला अधिकार, स्थैर्य आणि आदर हवा. पहिल्या दोन गोष्टी शासनाच्या हाती आहेत. तिसरी मात्र नागरिकांच्या हाती आहे. तक्रार घेऊन पालिकेत जाणारा नागरिक चांगल्या कामाची पोच देण्यासाठीही जाईल, तेव्हा ती नगरपालिका खऱ्या अर्थाने गावाची होईल.