डोक्याला मार आणि मुलाचे वळण



आपल्या मेहरूणमध्ये गच्चीवर पतंग उडवणारी आणि स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जाणारी मुले रोज दिसतात. एखादे पडते. डोक्याला मार लागतो, टाके पडतात, जखम भरते. वाचले, असे म्हणून आपण प्रकरण मिटवतो. आम्ही बँकेतली माणसे; खाते बंद केले की ते बंदच राहते. हे खाते मात्र तसे बंद होत नाही, एवढेच आज सांगायचे आहे.

कपाळामागचा मेंदूचा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची विशी उलटून जाते. मनाला आवर घालणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, चेष्टा आणि अपमान यांतला फरक ओळखणे, या कामांत त्या भागाचा मोठा वाटा असतो. चौथ्या वर्षी झालेली इजा तेव्हा दिसेलच असे नाही. कारण चार वर्षांच्या पोराकडून एवढा पोच कोणी मागत नाही. तो मागितला जातो बारा-तेराव्या वर्षी. तोवर पडल्याची आठवणही घरात उरलेली नसते.

अमेरिकेत आयोवा येथील संशोधकांनी १९९९ साली अशा दोन तरुणांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतली मुलगी सव्वा वर्षाची असताना वाहनाखाली सापडली आणि काही दिवसांत बरी झाली. बुद्धी सर्वसाधारण, आईबाप शिकलेले, भावंडे नीट. तरी खोटे बोलणे, चोरी, एकही मैत्री न टिकणे. शिक्षेचा उपयोग शून्य. प्रत्येक जखमी मूल असेच होते, असे मुळीच नाही. पुष्कळ मुले चांगली सावरतात. पण "वळण नाही" म्हणून आईला बोल लावण्याआधी थोडे थांबावे.

डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनची फिल्म पासबुकासारखी जपून ठेवा. वर्गशिक्षकांना जुना मार सांगा. लग्नाच्या वेळी आड येईल म्हणून मुलीचा मार लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. लपवल्याने मार खाणे तेवढे वाढते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील मारहाणीला बंदी आहे. घरात तो कायदा नाही, हे दुर्दैव! २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते; शाळेत पथक आले की जुन्या माराविषयी सांगावे. आणि हेल्मेट! २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलालाही ते सक्तीचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात असा एखादा असेल. त्याला खेळातून काढू नका. "मला राग आला आहे" हे त्याला तोंडाने सांगा. तुमच्या चेहऱ्यावरून त्याला ते कदाचित वाचता येत नसेल.