पत्राचा कागद घरचा

श्रोतेहो, दिवाळीची सुट्टी आली की किल्ला होतो, आकाशकंदील होतो, फराळ होतो, आणि चार-आठ दिवस गेले की मुले विचारतात, "आता काय करू?" त्या रिकाम्या दुपारांसाठी एक हातकाम आज सुचवतो. पत्राचा कागद आणि पाकीट घरच्या घरी करायचे आणि सजवायचे.

कोणी म्हणेल, घरोघरी मोबाईल आला, आता पत्र लिहितो कोण? प्रश्न रास्त आहे. पण जरा मागे वळून पाहा. पोस्टमनने कार्ड दिले की निरक्षर आजीसुद्धा ते हातात घेताच बातमी ओळखायची. कार्डाला हळदकुंकू लावलेले असले तर घरात मंगलकार्य. कोपरा फाडलेला असला तर कोणीतरी गेले. अक्षर वाचण्याआधी कागदच बोलत असे. सजावट ही नुसती शोभा नव्हे, तोही मजकूरच आहे. एवढे मनात धरून कामाला लागू या.

जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात एके काळी हातकागद तयार होई. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली. आपल्याला मात्र लगदा कुटायची गरज नाही. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने सोडवून घेतली की झाले.

रंग तीन, आणि तिन्ही घरचे. गेरूचा तांबडा, हळदीचा पिवळा, काजळीचा काळा. बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घाला. सकाळी त्या पाण्यात रंग दाटसर कालवा. हळद उन्हात विटते, तेव्हा तो कागद सावलीत वाळवावा.

आता ठसे. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल हाती येते. झाडाच्या पानाचा ठसा त्याहून सुरेख. जून, टणक पान पुसून घ्या. त्याच्या मागच्या बाजूला शिरा उठून दिसतात. तिथे कापडाच्या बोळ्याने रंग हलकेच टिपा. पान कागदावर पालथे ठेवा, वर रद्दी कागद धरून तळव्याने दाबा, आणि पान सरळ वर उचला. घसरले की शिरा गेल्याच म्हणून समजा! ठसे कडेला, दोन बोटे रुंदीत उमटवावेत. मधली जागा लिहिण्यासाठी मोकळी ठेवावी.

पाकिटासाठी २० सेंटिमीटरचा चौरस कापा. चारही कोपरे मध्यबिंदूच्या अर्धा सेंटिमीटर पुढे जातील असे आत दुमडा. तीन कोपरे कणकेच्या खळीने चिकटवा, चौथा पत्र आत घातल्यावर. सुमारे साडेतेरा सेंटिमीटरचे चौकोनी पाकीट तयार होते. पत्त्याची बाजू मात्र कोरी राहू द्या. टपालखात्याच्या माणसाला ती वाचायची आहे. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. आपल्या गावाचे सहा आकडे किती मुलांना पाठ आहेत, हे शिक्षकांनी एकदा विचारून पाहावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता मुख्य गोष्ट. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कितीतरी आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. काही मुले बरोबर जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. फोन होतो, नाही असे नाही. पण आई पहाटे फडात गेलेली, संध्याकाळी दमून आलेली; "जेवलास का? बरा आहेस ना?" एवढ्यावर बोलणे आटोपते. त्या आईला कदाचित वाचताही येत नसेल. पण पोराने दारातल्या पिंपळाचे पान कागदावर उमटवून पाठवले, तर ते तिला कोणी वाचून दाखवावे लागणार नाही. ते पान कोणत्या दारातले, हे तिला ठाऊक आहे. पत्र मुकादमाच्या हाती द्या, नाहीतर तळावर जाणाऱ्या नात्यातल्या माणसाजवळ द्या. कोपीच्या कुडात खोचून ठेवलेला तो कागद ती चार वेळा काढून पाहील. फोनवरचे बोलणे असे पुन्हा काढून पाहता येत नाही.

आणि मुलाचे काय? एरवी "पत्र लिही" म्हटले की ते दोन ओळींत अडते. स्वतः केलेल्या कागदावर मात्र त्याला सांगायला विषय मिळतो: पान कुठून आणले, पहिला ठसा कसा फिसकटला, शेळी व्याली, आजीचा गुडघा दुखतो. ते सारे त्याला लिहू द्या. शुद्धलेखन मागाहून पाहू.

तेव्हा या सुट्टीत प्रत्येक मुलाने एक कागद, एक पाकीट करावे, आणि ज्याची आठवण येते त्याला ते खरोखरच पाठवावे. प्रदर्शनाच्या भिंतीवर टांगून ठेवू नये. पत्र पोचले पाहिजे.